टॉटनहॅमचं नवं स्टेडियम पाहायचं आहे: गावाकडून तिकिटाची तयारी कशी करावी

दारव्ह्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. बहीण लंडनला शिकते. दिवाळी आटोपली की आई-बाबांना घेऊन पंधरा दिवस तिकडे जायचं, आणि टॉटनहॅम हॉटस्पर या तिथल्या फुटबॉल क्लबचं नवं स्टेडियम पाहायचंच असं ठरलं आहे. तिकीट कुठून काढायचं, किती आधी काढायचं, आणि फेसबुकवर कोणी 'माझ्याकडे चार तिकिटं आहेत' म्हणतो त्याच्याकडून घेतलं तर चालतं का, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, स्टेडियम पाहणं आणि मॅच पाहणं यांची तिकिटं वेगवेगळी असतात, हे आधी घरच्यांना समजावून सांगा. स्टेडियमच्या टूरचं तिकीट क्लबच्या वेबसाइटवर कोणालाही मिळतं. त्याला सभासदत्व लागत नाही आणि चौघांचं एका झटक्यात निघतं. मॅचचं तिकीट मात्र रांगेतून, सभासदत्वातून आणि थोड्या नशिबातून येतं. म्हणून टूर पक्की धरा, मॅच जमली तर जमली. मॅचच्या तारखेवर विमानाचं तिकीट काढणारे हमखास अडकतात. का, ते पुढे येईलच.

टूरमध्ये काय दिसतं? खेळाडूंच्या ड्रेसिंग रूम, मैदानात उतरण्याचा बोगदा, पत्रकार परिषदेची खोली, आणि मैदानाच्या अगदी कडेला उभं राहता येतं. जुनं व्हाइट हार्ट लेन मैदान १८९९ पासून २०१७ पर्यंत होतं, त्याच जागेवर हे नवं उभं राहिलं. पहिला लीग सामना ३ एप्रिल २०१९ ला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध झाला. बसायची सोय ६२,८५० लोकांची. दक्षिणेकडचा एकसलग चढता स्टँड एकट्याने १७,५०० माणसं बसवतो. मधे मजला नाही, खांब नाही, खालपासून वरपर्यंत एकच भिंत. मॅचच्या गर्दीत ही भिंत डोक्यांनी झाकलेली असते. रिकामी पाहिली तरच तिचा चढ कळतो, आणि एवढ्यासाठी तरी टूर घ्यावी असं माझं मत आहे.

दुसरी खरी कमाल पायाखाली आहे. वरचं हिरवं गवत तीन तुकड्यांमध्ये आहे. एकेक तुकडा तीन हजार टनांच्या वरचा. हे तुकडे सरकून दक्षिण स्टँडखाली जाऊन बसतात, त्याला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. खाली अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम मैदान तयारच असतं. टूरमध्ये हे सरकताना दिसत नाही, पण ऑक्टोबरच्या सुमारास गेलात तर वरचं गवत नसून खालचं मैदानच उघडं असू शकतं, कारण तेव्हा एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, सामने तिथे होतात. इथे एक धोका लक्षात ठेवा. तिकीट शोधताना 'फुटबॉल, टॉटनहॅम स्टेडियम' एवढंच पाहून पैसे भरले तर हातात एनएफएलचं तिकीट येऊ शकतं, आणि तो खेळच वेगळा. तिकिटावर दोन्ही संघांची नावं वाचल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका.

टूर मॅचच्या दिवशी नसते. मोठी गाण्याची मैफल किंवा बॉक्सिंग असेल तेव्हाही मार्ग छोटा होतो किंवा टूर बंद राहते. शनिवार-रविवारचे स्लॉट आधी भरतात, म्हणून मंगळवार ते गुरुवार सकाळची वेळ निवडा. छतावरून चालण्याचा 'स्कायवॉक' हे वेगळं, महाग तिकीट आहे. मैदानापासून ४६.८ मीटर उंचीवर, पट्टा बांधून नेतात. त्याला वय, उंची, वजन, तब्येत यांच्या अटी आहेत. बाबांचा गुडघा दुखत असेल किंवा आईला उंचीची भीती असेल तर तुम्ही बहीण-भाऊ वर जा, त्यांना खाली टूर घेऊ द्या.

आता महिन्याचं बोलू. दिवाळीनंतर हा बेत गावाकडून सोपा वाटतो, पण तो मला पटत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी असते. खेळाडू आपापल्या देशाच्या संघाकडे जातात आणि लीगचे सामने जवळपास दोन आठवडे बंद पडतात. तुमचे पंधरा दिवस नेमके त्यात गेले तर घरचा, म्हणजे याच स्टेडियमवरचा, एकही सामना पदरात पडणार नाही. शिवाय इकडे कापसाची वेचणी ऐन भरात असते, मजूर मिळवायची मारामार, आणि बाबांचं सगळं लक्ष वावरात राहणार. तिकडे चार वाजताच अंधार, थंडी बोचरी. मार्चच्या शेवटीही अशीच एक सुट्टी असते.

त्यापेक्षा एप्रिल धरा. गहू-हरभरा निघालेला असतो, दहावी-बारावीच्या परीक्षा झालेल्या असतात, इकडे पारा चाळिशी ओलांडायला लागतो आणि तिकडे संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत उजेड असतो. इंग्लंडचा मोसम ऑगस्ट ते मे चालतो, म्हणून एप्रिलमध्ये सामने भरपूर. साधारण एक सामना घरी, एक बाहेर असा क्रम असतो, त्यामुळे पंधरा दिवसांत घरचा किमान एक सामना सापडायला हवा. पण एप्रिलमध्ये कपचे सामनेही मधे घुसतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच आठवडे ठरवा. जून-जुलैमध्ये गेलात तर फक्त टूर होईल, मॅच नाही.

मॅचच्या तारखेवर विश्वास का ठेवू नये ते सांगतो. वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं आणि त्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला दाखवलेले असतात. पुढे टीव्हीवाले सामने निवडतात आणि शनिवारचा सामना शुक्रवार रात्रीवर, रविवारवर, कधी सोमवार रात्रीवर सरकतो. हे बदल टप्प्याटप्प्याने, फक्त काही आठवडे आधी कळतात. म्हणून वेळापत्रकातल्या तारखेच्या मागे-पुढे तीन-तीन दिवस लंडनमध्येच राहायचं, त्या दिवसांत एडिनबरा-बिडिनबरा ठेवायचं नाही. परतीचं विमान त्या शनिवारच्या रात्रीचं तर मुळीच नको.

मॅचच्या तिकिटाचा मार्ग असा. सीझन तिकीटवाल्यांच्या, म्हणजे अख्ख्या मोसमाचं तिकीट एकदम घेणाऱ्यांच्या, जागा ठरलेल्या असतात. उरलेल्या जागा आधी क्लबच्या पैसे भरलेल्या सभासदांना विकतात, आणि त्यातून उरल्या तर सर्वांसाठी खुल्या होतात. आर्सेनल, चेल्सी यांच्यासारख्या मोठ्या क्लबांविरुद्धच्या सामन्यांत त्या सर्वांपर्यंत पोचतच नाहीत. टॉटनहॅमच्या सभासदत्वाला 'वन हॉटस्पर' म्हणतात. ते एका मोसमापुरतं असतं. एका सभासदत्वावर एका सामन्याचं एकच तिकीट घेता येतं, त्यामुळे बहिणीने एकटीने सभासद होऊन चौघांची तिकिटं काढायचा बेत असेल तर तो तिथेच अडेल. चौघांचं सभासदत्व घ्यायचं, प्रत्येकाचा वेगळा ईमेल ठेवायचा, आणि बहिणीच्या खात्यात बाकीच्या तिघांना 'फ्रेंड्स अँड फॅमिली' यादीत जोडायचं. मग ती एकाच व्यवहारात सगळ्यांची तिकिटं घेऊ शकते. जोडणी विक्रीच्या आदल्या आठवड्यात करून ठेवा. विक्री सुरू झाल्यावर नाव जोडत बसलं तर जागा जातात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच लिहा. आपल्याकडे पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव मधे येतं, कधी येत नाही, आणि ओळखपत्र दाखवायची वेळ आली तर तिथे घोळ होतो.

सामन्यांना मागणीनुसार वर्ग असतात आणि दर त्यावर ठरतात. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने सगळ्यात मोठा सामना डोक्यातून काढून टाकावा. खालच्या वर्गातला सामना, देशांतर्गत कपाची सुरुवातीची फेरी, हे मिळण्यासारखं असतं, स्वस्त असतं, आणि स्टेडियम तेच असतं. महिला संघ बहुतेक सामने लेटनच्या ब्रिस्बेन रोड मैदानावर खेळतो, पण एखादा मोठा सामना याच स्टेडियमवर ठेवतात. तो तुमच्या पंधरवड्यात आला तर डोळे झाकून घ्या. तिकीट सहज मिळतं आणि गर्दी कुटुंबांची असते.

विक्रीच्या दिवशी वेबसाइटवर प्रतीक्षा-रांग लागते. विक्री सुरू व्हायच्या आधी जे पानावर येऊन थांबलेले असतात त्यांना वेळ झाली की चिठ्ठी टाकल्यासारखा क्रमांक मिळतो. उशिरा येणारे शेपटीला. म्हणून अर्धा तास आधी लॉगिन करून बसायचं. पान रिफ्रेश करायचं नाही, चार टॅब उघडायचे नाहीत, कारण यंत्र तुम्हाला बॉट, म्हणजे आपोआप तिकिटं काढणारा प्रोग्राम, समजून बाहेर काढू शकतं. क्रमांक आला की जागा निवडायला आणि पैसे भरायला मोजकी मिनिटं मिळतात, वर घड्याळ उलटं चालतं.

या मोजक्या मिनिटांतच गावाकडच्या लोकांचं काम फसतं, आणि बहुतेक वेळा कारण कार्ड असतं. ग्रामीण बँकेचं किंवा सोसायटीमार्फत मिळालेलं कार्ड साधारण रुपेचं असतं, ते परदेशी साइटवर सहसा चालत नाही. यूपीआय तिथे नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्ड असलं तरी २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. हे सगळं केलं तरी ओटीपी बाबांच्या फोनवर येणार. तिकडे सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात अडीच. बाबा वावरात, रेंज एक काडी, आणि ओटीपी येईपर्यंत जागा सुटलेली. यावर सरळ उपाय एकच, पैसे बहिणीच्या तिकडच्या बँकेच्या कार्डाने भरा. ती रांगेतही तिथूनच बसेल आणि तिकडचं इंटरनेट दगा देणार नाही. मागाहून घरात हिशोब करा. इकडच्याच कार्डाने भरायचं असेल तर परकीय चलनाचा अधिभार साधारण दोन ते साडेतीन टक्के लागतो, तो धरून चला. आणि आधी त्याच कार्डाने टूरचं तिकीट काढून पाहा, म्हणजे कार्ड चालतं की नाही ते घाई नसताना कळेल.

पहिल्या फेरीत मिळालं नाही म्हणून खचू नका. सामना 'सोल्ड आउट' झाला की क्लबची अधिकृत देवाणघेवाण उघडते. ज्या सीझन तिकीटवाल्याला जमणार नाही तो आपली जागा तिथे परत विकायला ठेवतो आणि सभासद ती घेऊ शकतात. बहुतेक जागा सुट्या असतात. चार एकत्र मिळणं जवळपास अशक्य, दोन-दोन मिळू शकतात. आई मुलीबरोबर, बाबा तुमच्याबरोबर, असं आधीच ठरवून ठेवा, म्हणजे पडद्यावर जोडी दिसली की विचारविनिमयात ती हातची जाणार नाही. सामन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत जागा जास्त येतात, कारण लोकांचं न जाणं तेव्हाच नक्की होतं. सकाळी, दुपारी, रात्री पाहत राहायचं. सगळंच हुकलं आणि खिशाला परवडत असेल तर 'हॉस्पिटॅलिटी' नावाचं जेवणासकट तिकीट असतं. ते फार महाग, पण सभासदत्वाशिवाय आणि खात्रीने मिळतं. चौघांसाठी मी तो सल्ला देणार नाही. त्या पैशात टूर, स्कायवॉक आणि एखादा महिला सामना होऊन वर बराच पैसा उरतो.

आता फेसबुकवरच्या माणसाचं. घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्याच्या कलम १६६ नुसार गुन्हा आहे. भाव वाढवून विकलं का, तेवढ्याच भावाने विकलं का, याने फरक पडत नाही. घेणाऱ्यावर त्या कलमाचा गुन्हा नसला तरी क्लबला कळलं की तिकीट रद्द होतं आणि पैसे गेले ते गेले. त्यातही आता तिकीट कागदाचं नाही, फोनमधल्या वॉलेटमध्ये बसलेला पास असतो. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट फाटकावर काहीही उघडत नाही. 'माझं सीझन कार्ड एका दिवसासाठी देतो, परत आणून द्या' म्हणणारेही भेटतात. ते पकडलं गेलं तर तुम्ही बाहेर आणि त्याचं कार्ड बंद. मोठी नावं असलेल्या पुनर्विक्रीच्या साइट गुगलवर सगळ्यात वर दिसतात म्हणून त्या क्लबच्या ठरत नाहीत. पत्ता नीट वाचा, क्लबच्या स्वतःच्या साइटवरूनच तिकिटाच्या पानावर जा.

फोनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हे इकडून निघण्याआधी कोणी तपासत नाही. फाटकावर फोन यंत्राला टेकवला की पास वाचला जातो. त्यासाठी फोनमध्ये एनएफसी, म्हणजे टेकवून वाचता येण्याची सोय, लागते. आपल्याकडच्या दहा-पंधरा हजारांच्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं. सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी 'एनएफसी' टाइप करा. पर्याय आला तर आहे, नाही आला तर नाही. बाबांच्या फोनमध्ये नसेल तर बहिणीने तिकीट घेतानाच क्लबच्या तिकीट कार्यालयाला ईमेल करून विचारावं, सामन्याच्या दिवशी फाटकावर नाही. पास आदल्या रात्री घरच्या वायफायवर वॉलेटमध्ये उतरवून घ्या. साठ हजार माणसं एका जागी आली की नेटवर्क कोलमडतं आणि ईमेल उघडत नाही. चार्जिंग पूर्ण ठेवा. इकडचं सिम रोमिंग करून चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात.

जागा निवडताना आई-बाबांचा विचार करा. दक्षिण स्टँड टाळा. तिथे उभं राहायची सोय असलेल्या जागा आहेत आणि कट्टर पाठीराखे नव्वद मिनिटं उभे असतात. बसून पाहायचं म्हटलं तर समोरच्याची पाठ दिसेल. पूर्व किंवा पश्चिम बाजूचा खालचा मजला, वाटेलगतची जागा, ही त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीची. वरच्या मजल्यावरून खेळ छान उलगडतो, पण पायऱ्या उभ्या आहेत. अगदी पुढच्या रांगा मैदानाला चिकटून असल्या तरी वाऱ्याबरोबर पाऊस तिथपर्यंत येतो. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी वेगळा कोपरा असतो. तिथलं तिकीट घेऊ नका, आणि घरच्या बाजूला बसताना पाहुण्या संघाच्या रंगाचा स्वेटर घालू नका. सुरक्षारक्षक खरंच बाहेर काढतात.

व्हिसाचं थोडक्यात, कारण तिकिटाचा क्रम त्यावर ठरतो. भेटीच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो, निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याचं केंद्र धरून चाला. मॅचचं तिकीट जोडल्याने व्हिसा मिळत नाही. तिथे परत येण्याची कारणं आणि पैशाचा माग पाहतात. सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या पट्ट्या, कापूस-सोयाबीन विकल्याचे खात्यात आलेले पैसे, हे सगळं कास्तकाराच्या बाजूचं आहे. पण मराठी कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावंच लागतं. अर्जाच्या आधल्या आठवड्यात कोणाकडून हातउसने घेऊन खात्यात मोठी रक्कम टाकू नका, शंका तिथेच येते. व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणारं कुठलंही तिकीट काढू नका. टूर काढताना तारीख बदलून मिळते का, ती अट वाचून घ्या. एप्रिलसाठी म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात अर्ज. सभासदत्व त्याच्याही आधी घेतलंत तर तेवढेच पैसे अडकतील, आणि तो धोका मी पत्करेन, कारण एप्रिलच्या सामन्यांची विक्री व्हिसाची वाट पाहत थांबत नाही.

सामन्याच्या दिवशी दीड तास आधी पोचा. लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंड रेल्वेच्या वीव्हर लाइनने व्हाइट हार्ट लेन स्टेशनला उतरलात की स्टेडियम पाच मिनिटांवर. भुयारी व्हिक्टोरिया लाइनने सेव्हन सिस्टर्सला उतरलात तर अर्धा तास सरळ चालायचं. गाडीत आणि बसमध्ये चढताना बँकेचं कार्ड टेकवून भाडं जातं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघं जाता येत नाहीत. बसमध्ये रोख घेतच नाहीत. स्टेडियमच्या आतही रोकड चालत नाही, चहासुद्धा कार्डावरच. पिशवी ए-फोर कागदाएवढीच नेता येते, म्हणून चिवड्याचा मोठा डबा आणि शालीची थैली बहिणीच्या घरीच ठेवा. शाल अंगावर घ्या. एप्रिलची संध्याकाळही विदर्भातल्या माणसाला गार लागते.

सामना संपला की व्हाइट हार्ट लेन स्टेशनबाहेर मोठी रांग लागते आणि पोलीस माणसं टप्प्याटप्प्याने आत सोडतात. समोरचा हाय रोड बंद असतो, बस वळवलेल्या असतात. आई-बाबा बरोबर असतील तर शिट्टी वाजल्याबरोबर पळू नका. अर्धा-पाऊण तास आतच थांबा, खाण्यापिण्याची दुकानं काही वेळ उघडी असतात, स्वच्छतागृहंही तोवर रिकामी होतात. मग निघा. चालायची ताकद असेल तर सेव्हन सिस्टर्सकडे चालत जाणं त्या रांगेपेक्षा लवकर होतं.